स्काडावर फ्रिक्वेन्सी उणे ३.२२ई+२६ दिसतेय, मोडबस ड्रायव्हर तीनदा टाकून झाला

नवखा_इन्स्ट्रुमेंट

नमस्कार मंडळी. साखर कारखान्यात इन्स्ट्रुमेंटला आहे, माझा हा दुसराच हंगाम. दसऱ्याला बॉयलर पेटला. दहा-बारा दिवसांत मोळी पडेल, आणि त्याआधी मिल हाऊस व पॉवर हाऊसचे मिळून १४ एनर्जी मीटर स्काडावर (कंट्रोल रूमच्या पीसीवरची देखरेखीची स्क्रीन) दिसले पाहिजेत असा वरून हुकूम आहे. आजवर शिफ्टचा माणूस वही घेऊन दर तासाला पॅनलपुढं उभा राहायचा. ती वही बंद करायची आहे.

मांडणी साधी आहे. सगळे मीटर आरएस-४८५ च्या एकाच तारेवर, मीटर आणि पीसीच्या बोलण्याची भाषा मोडबस आरटीयू, वेग ९६०० बॉड, ईव्हन पॅरिटी, एक स्टॉप बिट. तार कंट्रोल रूमपर्यंत येते, तिथं यूएसबी कन्व्हर्टर, आणि पीसीवर ओपीसी सर्व्हरचा मोडबस ड्रायव्हर, जो मीटरला विचारून आकडे स्काडाला देतो.

सध्या फक्त मीटर ५ जोडून बघतोय. मीटरच्या डिस्प्लेवर ४९.९८ हर्ट्झ, स्काडावर उणे ३.२२ई+२६, म्हणजे ३.२२ गुणिले दहाचा २६ वा घात. डिस्प्लेवर २३०.४ व्होल्ट, स्काडावर २.७२ई+२३, आणि तोही स्थिर नाही, दर सेकंदाला काहीतरी भलतंच, मध्येच उणे. पॉवर फॅक्टर डिस्प्लेवर १.००, इथं ०.००. अँपिअर तेवढे बरोबर येतात, कारण मोटर बंद आहे आणि शून्याला शून्यच दिसतंय!

मीटरवाले म्हणतात सॉफ्टवेअर बघा, सॉफ्टवेअरवाले म्हणतात केबल बघा. मी ड्रायव्हर तीनदा काढून परत टाकला. काल चीफ इंजिनिअर साहेबांनी स्क्रीन बघून विचारलं, "एवढी वीज आपण कधीपासून बनवायला लागलो?" कुणी वाट दाखवेल का?

वायरमन_बारामती

टर्मिनेशन (तारेच्या टोकाचा रेझिस्टर) लावलंय का? दोन्ही टोकांना १२० ओहम पाहिजे. शील्ड एकाच बाजूला अर्थ करा. तार मीटरमधून मीटरमध्ये गेली पाहिजे, मधूनच फांद्या काढल्या असतील तर पहिलं ते सोडवा. ४८५ च्या बहुतेक भानगडी तारेतच असतात. ४८०० बॉडवर आणून बघा, फरक पडेल.

चारशेपंच्याऐंशी

वायरमनभाऊ, तुमचं सगळं बरोबर, पण या दुखण्याचं हे औषध नाही. मोडबस आरटीयूच्या प्रत्येक निरोपाच्या शेवटी दोन बाइट सीआरसी, म्हणजे तपासणीचा आकडा, असतो. वाटेत एक बिट जरी बिघडला तरी ड्रायव्हर अख्खा निरोप फेकून देतो आणि टॅग (स्काडातलं त्या आकड्याचं नाव) 'बॅड' दाखवतो. तार खराब असती तर आकडा आलाच नसता. चुकीचा का होईना, आकडा येतोय म्हणजे तार शाबूत, बॉड जुळला, पॅरिटी जुळली, स्लेव्ह आयडी (तारेवरचा मीटरचा नंबर) बरोबर. ४८०० वर जाऊ नकोस रे बाबा, चाललेली गाडी बंद पडेल.

(तू म्हणतोय, चालेल ना? माझं पोरगं तुझ्याच वयाचं असेल.)

आता एक कर. फ्रिक्वेन्सीचा फ्लोट (दशांश आकड्याचा) टॅग बाजूला ठेव. त्याच पत्त्यावर दोन साधे १६ बिटांचे बिनचिन्ह टॅग बनव, एक पहिल्या रजिस्टरला (मीटरमधला आकड्याचा कप्पा), एक त्याच्या पुढच्याला. जे दोन आकडे येतील ते इथं टाक. बाकी कशाला हात लावू नको. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, नाहीतर कशानं बरं झालं ते शेवटपर्यंत कळत नाही आणि पुढच्या हंगामात तेच दुखणं परत येतं.

नवखा_इन्स्ट्रुमेंट

मॅन्युअलमध्ये फ्रिक्वेन्सीचा पत्ता ३००५७ दिलाय. ३००५७ वर ६०२९३ आणि ३००५८ वर १६९६७. पहिला आकडा सतत हलतो, दुसरा जागचा हलत नाही.

चारशेपंच्याऐंशी

सापडलं. कॅल्क्युलेटर प्रोग्रामर मोडवर टाक. १६९६७ म्हणजे हेक्समध्ये (सोळाच्या पायावर) ४२४७. ६०२९३ म्हणजे ईबी८५. आता ४२४७ पुढं आणि ईबी८५ मागं ठेवून ३२ बिटांचा फ्लोट वाच, ४९.९८ येईल. तुझा ड्रायव्हर ईबी८५ पुढं ठेवून वाचतोय, त्याचेच ते उणे ३.२२ई+२६.

यात चोर कुणीच नाही. मोडबस १९७९ मध्ये मॉडिकॉननं त्यांच्या पीएलसीसाठी काढला. त्यात रजिस्टर म्हणजे १६ बिट, विषय संपला. फ्लोटचं नावही त्यात नाही. पुढं मीटरवाल्यांना दशांश पाठवायचे होते, म्हणून त्यांनी दोन रजिस्टर जोडली, आणि कुठला अर्धा भाग आधी पाठवायचा ते ज्यानं त्यानं आपल्या मर्जीनं ठरवलं. ज्या मीटरनं हलका, म्हणजे कमी किमतीचा, भाग आधी पाठवला त्याच्यासाठी ड्रायव्हरमध्ये खूण करावी लागते. काही ड्रायव्हरमध्ये तिचं नाव 'फर्स्ट वर्ड लो', काहींत 'वर्ड स्वॅप', काहींत सरळ 'सीडीएबी'. ती खूण डिव्हाइसच्या प्रॉपर्टीत असते. मीटर ५ ला लावलीस म्हणून सगळ्यांना लागली असं समजू नकोस. 'बाइट स्वॅप' नावाची वेगळी खूण असते, तिला मात्र हात लावू नको.

तुझा व्होल्टेज का नाचत होता तेही यातच आहे. २३०.४ चा हलका भाग, म्हणजे एका व्होल्टच्या आतली चिरीमिरी, ड्रायव्हरनं पुढं नेऊन घातांकाच्या जागी बसवली. मीटरवर काडीचाही फरक नसताना इकडं आकडा कुठल्या कुठं उडतो. आणि १.०० चा हलका भाग शून्य, म्हणून पॉवर फॅक्टर शून्याला चिकटून बसला.

एक सवय लावून घे, फार कामाला येते. कच्च्या रजिस्टरचं हेक्स बघायचं. ४२ नं सुरू झालं तर तो ३२ ते १२८ मधला फ्लोट, ४३ नं झालं तर १२८ ते ५१२ मधला, आणि ३एफ८० दिसलं तर १.०. फ्रिक्वेन्सी, व्होल्टेज, पॉवर फॅक्टर, तिन्ही ओळखीचे चेहरे. कुठला भाग आधी आलाय ते मॅन्युअल न उघडता कळतं. मॅन्युअलवर माझा तसाही फार भरवसा नाही. एका मीटरच्या मॅन्युअलमध्ये दोन पानांवर दोन वेगळे क्रम छापलेले मी पाहिलेत.

नवखा_इन्स्ट्रुमेंट

सर, आलं! ४९.९८. सगळं बरोबर दिसतंय. तीन दिवस घालवले मी यात.

आता १४ मीटर जोडले आणि नवीन रडगाणं सुरू झालं. १. मीटर १ आणि मीटर ९ दोन्ही कधी येतात कधी जातात. २. मीटर १२ वेगळ्या कंपनीचा आहे, त्याच्या मॅन्युअलमध्ये पत्ता ४०१०१, मी तोच टाकला तर व्होल्टेजच्या जागी कचरा येतो. वर्ड स्वॅप लावून, काढून, दोन्ही करून झालं. ३. सगळे चालू असतील तरी स्क्रीन ११-१२ सेकंदांनी बदलते, आणि एखाद्या मीटरचा सप्लाय काढला की सगळंच अर्धा-पाऊण मिनिट लटकतं.

चारशेपंच्याऐंशी

पहिल्याचं उत्तर मी न बघता सांगतो. मीटर ९ मध्यंतरी बदललाय, बरोबर? नवा मीटर डब्यातून स्लेव्ह आयडी १ घेऊनच येतो. दोघंही '१' ला ओ देतात, एकाच तारेवर दोघांचे आवाज एकमेकांत मिसळतात, सीआरसी फुटतो. मी हे एका डिस्टिलरीत दोन रात्री जागून शिकलोय. रात्रपाळीच्या इलेक्ट्रिशियननं मीटर बदलला आणि नोंदवहीत 'मीटर बदलला, ओके' एवढंच लिहिलं. मी दोन रात्री कन्व्हर्टर बदलत बसलो. तिसऱ्या दिवशी सकाळी त्यानंच चहा आणून दिला आणि सहज म्हणाला, "साहेब, तो नवीन बसवलाय ना, त्याचं काय करायचं असतं का?"

दुसरं. ४०१०१ हा पत्ता नाही, ते रजिस्टरचं नाव आहे. पुढचा ४ म्हणजे होल्डिंग रजिस्टर, फंक्शन ०३ नं वाचायचं. ३ असता तर इनपुट रजिस्टर, फंक्शन ०४. राहिला ०१०१, आणि मोजणी एकपासून, म्हणून तारेवर जातो १००. हे एक वजा करण्याचं काम ड्रायव्हर करतो, आणि करायचं की नाही त्याची खूण असते, 'झिरो बेस्ड ॲड्रेसिंग' किंवा तत्सम. पण काही मीटरवाले मॅन्युअलमध्ये आधीच तारेवरचा पत्ता छापतात आणि वर सवयीनं ४ चिकटवतात. मग एकानं घोळ होतो. साध्या १६ बिटांच्या रजिस्टरला एकाचा घोळ झाला तर निदान शेजारचा आकडा दिसतो, माणूस ओळखतो. फ्लोटला झाला तर एका आकड्याचं शेपूट आणि पुढच्याचं डोकं जुळतं. त्याला कुठलाच स्वॅप लागू पडत नाही. ४०१०० आणि ४०१०२ दोन्हीवर कच्चे टॅग लाव, ४३ नं सुरू होणारं कुठं बसलंय ते बघ. कळेल.

तिसरं मात्र नीट बसून समजून घे, कारण हंगामात यावरच शिव्या खायच्या असतात.

९६०० बॉडला, ११ बिटांचं एक अक्षर जायला १.१५ मिलिसेकंद लागतो. तुझा प्रश्न ८ बाइटांचा, ९ मिसे. एका फ्लोटचं उत्तर ९ बाइटांचं, १० मिसे. मीटर विचार करायला ४० घेतो असं धर. शिवाय दोन निरोपांमध्ये साडेतीन अक्षरांची शांतता पाळावीच लागते, ती प्रत्येक वेळी ४ मिसे. सगळं मिळून एका आकड्याला ६७-६८. तू एका मीटरचे १२ आकडे बारा वेळा विचारत असशील तर ८१० मिसे, गुणिले १४ म्हणजे ११.३ सेकंद. आलं ना तुझं ११-१२?

आता तेच १२ आकडे पहिल्या ६० रजिस्टरांत असतील तर एकाच प्रश्नात मागव. उत्तर १२५ बाइटांचं, १४३ मिसे, सगळं धरून २००. चौदा मीटर २.८ सेकंदांत. ड्रायव्हरमध्ये 'ब्लॉक साइज' नावाची जागा आहे, तिथं ६० टाक. मोडबस एका वेळी १२५ पर्यंत देतो, पण सगळे मीटर तेवढे देत नाहीत. आणि मध्ये रिकामी रजिस्टरं आली की काही मीटर एक्सेप्शन ०२, म्हणजे 'असा पत्ता नाही', म्हणून अख्खा ब्लॉक नाकारतात. तसा भेटला तर त्याचेच दोन तुकडे कर, सगळ्यांना शिक्षा नको.

लटकण्याचं कारण टाइमआउट. बंद मीटर बोलत नाही, ड्रायव्हर १००० मिसे वाट बघतो, तीनदा विचारतो, आणि बारा आकड्यांसाठी बारा वेळा हेच करतो. ३६ सेकंद. तेवढा वेळ बाकीचे तेरा रांगेत ताटकळतात. टाइमआउट ३०० वर आण, प्रयत्न दोन कर. आणि 'डिमोशन' चालू कर. दोन-तीनदा गप्प बसला की ड्रायव्हर त्याला मिनिटभर रांगेबाहेर काढतो, मग परत एकदा हाक मारून बघतो. पण टाइमआउट हावरटपणानं ५० वर नेऊ नकोस. आरटीयूच्या निरोपावर प्रश्नाचा नंबर नसतो. उशिरा आलेलं उत्तर पुढच्या प्रश्नाचं म्हणून खपून जाऊ शकतं. मग व्होल्टच्या जागी अँपिअर दिसतात, तेही अधूनमधून. असलं दुखणं शोधण्यापेक्षा ऊस तोडायला गेलेलं परवडलं.

मस्कतची_मराठी

शेवटचा मुद्दा दुप्पट महत्त्वाचा आहे. मी इथं पाण्याच्या पंपिंग स्टेशनांवर काम करते. आमच्याकडं मध्ये गेटवे (दुभाषा डबा) असतो, पीसीकडून मोडबस टीसीपी (नेटवर्कवरचा मोडबस), मीटरकडं आरटीयू. टीसीपीमध्ये प्रत्येक प्रश्नाला ट्रॅन्झॅक्शन नंबर असतो, त्यामुळं उत्तरांची अदलाबदल सहसा होत नाही. पण गेटवेमधला टाइमआउट ड्रायव्हरच्या टाइमआउटपेक्षा कमी ठेवायचा. उलटं ठेवलं तर ड्रायव्हर कंटाळून दुसरा प्रश्न पाठवतो, गेटवे अजून पहिल्यातच अडकलेला, आणि रांग वाढत जाते. नीट ठेवलंत तर मीटर बंद असताना गेटवे स्वतः एक्सेप्शन ०बी पाठवतो, म्हणजे 'मी आहे, मागचा मीटर बोलत नाही'. तार तुटली की मीटर गेला, हे खुर्चीवर बसून कळतं.

नवखा_इन्स्ट्रुमेंट

मीटर ९ खरंच सप्टेंबरमध्ये बदललेला निघाला. सर, तुम्ही इथं येऊन बघून गेलात की काय? मीटर १२ चा व्होल्टेज ४०१०२ वर सापडला. ब्लॉक ६० केला, फक्त मीटर १२ ला दोन तुकडे करावे लागले. आता स्क्रीन तीन सेकंदांत बदलते.

ताई, गेटवेचा विषय तुम्ही काढलात म्हणून विचारतो. चेअरमनसाहेबांना हे सगळं मोबाईलवर हवंय. आमच्या नेटवर्कवाल्याचं म्हणणं, गेटवे घ्या, ब्रॉडबँडला स्टॅटिक आयपी आहेच, राउटरमधून मोडबसचं पोर्ट ५०२ बाहेर उघडा, मोबाईलमध्ये एक मोडबस ॲप टाका, झालं.

मस्कतची_मराठी

अजिबात नाही! मोडबसला पासवर्ड नाही. कुणी विचारलं, का विचारलं, काही तपासत नाही. तो वाचू देतो तसाच लिहूही देतो. फंक्शन ०५ नं कॉइल, ०६ नं रजिस्टर. आज मीटर आहेत, उद्या त्याच तारेवर एखादी व्हीएफडी (मोटरचा वेग बदलणारी ड्राइव्ह) जोडाल, आणि जगातला कुणीही तिला 'थांब' म्हणू शकेल. ५०२ उघडा ठेवणाऱ्या यंत्रणा शोधून यादी करणारी संकेतस्थळं आहेत, तुमचा कारखाना त्यात यायला वेळ लागणार नाही.

स्काडातूनच फक्त बघायचं वेब पान काढा, आणि मोबाईल व्हीपीएनवरून (नेटवरचा कुलूपबंद खासगी रस्ता) आत येऊ दे. चेअरमनसाहेबांना चार आकडे बघायचेत ना? मेगावॅट, एक्स्पोर्ट, आजचं गाळप, रिकव्हरी. त्यासाठी तारेचं टोक रस्त्यावर नेऊन ठेवायची गरज नाही.

चारशेपंच्याऐंशी

ताईंशी शंभर टक्के सहमत. १९७९ मध्ये तार एका पॅनलमधून शेजारच्या पॅनलमध्ये जायची, दाराला कुलूप होतं, तोच पासवर्ड. नेटवर्कवाल्याला माझ्याकडं पाठव.

नवखा_इन्स्ट्रुमेंट

तीन आठवड्यांनी परत आलोय. मोळी पडली, गाळप जोरात आहे. व्हीपीएन झालं, चेअरमनसाहेब खूश. पण मिल सुरू झाल्यापासून मीटर १०, ११ आणि १३ दिवसातून पंधरा-वीस वेळा बॅड होतात आणि आपोआप परत येतात. ट्रायलला एकदाही झालं नव्हतं. ड्रायव्हरच्या डायग्नोस्टिकमध्ये सीआरसी एरर दिसतात.

वायरमन_बारामती

आता माझं औषध लागू पडेल. सीआरसी फुटतोय म्हणजे तारच. तुमची ४८५ मिलच्या व्हीएफडीच्या पॉवर केबलबरोबर एकाच ट्रेमधून गेली असणार. ट्रायलला व्हीएफडी बंद होत्या म्हणून कळलं नाही. वेगळा पाइप टाका, पॉवर केबल ओलांडायचीच असेल तर काटकोनात ओलांडा. शील्ड मधल्या प्रत्येक मीटरवर तोडून सोडून दिलेली असते, ती पुढच्या तुकड्याला जोडत न्या आणि कंट्रोल रूममध्ये एकदाच अर्थ करा. तिसरी तार, कॉमनची, टाकलीय का? दोनच तारा टाकल्या असतील तर मिल हाऊसची आणि कंट्रोल रूमची अर्थ एका पातळीवर राहत नाही. आयसोलेटेड कन्व्हर्टर घ्या.

नवखा_इन्स्ट्रुमेंट

तंतोतंत. एकाच ट्रेमध्ये ४० मीटर लांबीभर सोबत धावतेय. शील्ड मीटर १० ला कापून टेप मारून ठेवलेली. क्लीनिंगला मिल थांबली तेव्हा वेगळ्या पाइपातून ओढली, कन्व्हर्टर आयसोलेटेड घेतला. चार दिवसांत एक एरर. वायरमनदादा, पहिल्याच दिवशी तुमचं ऐकून तार बघून ठेवली असती तर हे टळलं असतं.

शेवटचं एक, मग त्रास देत नाही. कोजनच्या (कारखान्याच्या वीजनिर्मितीच्या) एक्स्पोर्ट मीटरची युनिटं. डिस्प्लेवर आकडा एक-एकनं वाढतो, स्काडावर फक्त सम आकडे येतात. १,९२,४०,३१२, मग थेट ३१४, मग ३१६. विषम कधीच नाही. बाकीच्या मीटरला असं होत नाही. साहेब म्हणतात, दोनाचा फरक आहे, सोडून दे. मला झोप येत नाही.

चारशेपंच्याऐंशी

सोडून देऊ नकोस, पुढं तो चारचा होईल.

तू युनिटंही फ्लोटमध्ये वाचतोयस. ३२ बिटांच्या फ्लोटमध्ये आकड्यासाठी २४ च बिट असतात. त्यात १,६७,७७,२१६ पर्यंतचा प्रत्येक पूर्णांक मावतो. त्यापुढं दोनची पायरी, ३,३५,५४,४३२ च्या पुढं चारची. बाकीचे मीटर अजून लाखांत असतील. कोजनचा मात्र, दहा मेगावॅट बाहेर देत असाल तर रोजचे २ लाख ४० हजार, सत्तर दिवसांत ही हद्द ओलांडतो. गेल्या हंगामातच ओलांडली असेल, वहीवाला डिस्प्ले बघून लिहायचा म्हणून कुणाला कळलं नाही.

मीटरच्या आत आकडा बरोबर आहे, डिस्प्ले त्याची साक्ष देतोय. मॅन्युअलमध्ये बहुतेक मागच्या पानांवर हीच युनिटं पूर्णांक म्हणून दिलेली असतील, ३२ बिट बिनचिन्ह. तो पत्ता घे, टॅगचा प्रकार फ्लोटवरून डीवर्ड कर, आणि वर्ड स्वॅप याला लागतो की नाही ते परत तपास. गुणक दिला असेल तर तोही बघ, काही जण दहापट करून पाठवतात. आणि स्काडाच्या हिस्टोरियनमध्ये (जुने आकडे साठवणारा भाग) तो टॅग फ्लोट म्हणून साठत असेल तर तिथंही बदल, नाहीतर इथं दुरुस्त करून तिथं परत तीच माती.

नवखा_इन्स्ट्रुमेंट

मागून तिसऱ्या पानावर सापडलं, गुणक ०.१. हिस्टोरियनमध्येही फ्लोटच होता, तोही बदलला. आत्ता १,९३,०२,७४७ दिसतोय. सात! साहेबांना बोलावून दाखवला. ते म्हणाले, वही अजून आठवडाभर चालू ठेव.